कोरडवाहू प्रवाशांसाठी क्रूझ-प्रवेशिका

सोलापूर स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. साडेचारशे मीटरच्या आसपास. समुद्राशी आपलं अधिकृत नातं एवढंच. बाकी पाण्याचा अनुभव म्हणजे सिद्धेश्वराचं तळं, कंबर तलाव, फ्लेमिंगो बघायला गेल्यावर उजनीच्या फुगवट्यातली होडी आणि पंढरपुरात चंद्रभागा. (चंद्रभागेत पाणी असेल तेव्हा.) तरीही हल्ली लग्नाला पंचवीस वर्षं झाली, की पुण्यातली मुलं आईवडिलांना न विचारता मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझची दोन तिकिटं काढून मोकळी होतात आणि जुळे सोलापुरातल्या एखाद्या घराची झोप उडते. त्या घरासाठी ही प्रवेशिका. पोहता येण्याची अट नाही.

निघण्यापूर्वी: वंशावळ

बातमी फुटली की मुंबईचे नातेवाईक फोन करणार. "दाजी, तुम्ही आणि समुद्र?" असं विचारून हसणार. त्यासाठी पुढचा मजकूर पाठ करून ठेवावा.

हिंदुस्थानी मालकीचं जहाज मुंबईहून लंडनला पहिल्यांदा निघालं ते ५ एप्रिल १९१९ रोजी. जहाजाचं नाव 'लॉयल्टी', कंपनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, आणि ती उभी करणाऱ्यांतले एक वालचंद हिराचंद, जन्म १८८२, गाव सोलापूर. समुद्रावर तेव्हा ब्रिटिश कंपन्यांची मक्तेदारी होती आणि तिला टक्कर द्यायला उठलेला माणूस निघाला दुष्काळी पट्ट्यातला. ५ एप्रिल हा आता राष्ट्रीय सागरी दिन आहे. विशाखापट्टणमची जहाजबांधणीची गोदीही याच गृहस्थांच्या उद्योगातून उभी राहिली. पुढं सप्टेंबर १९३८ मध्ये 'राजपुताना' जहाजानं मुंबईहून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात आपले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस होते. ती गोष्ट मात्र हसण्यावारी न्यायची नाही. ते परत आले नाहीत.

एक गंमत राखून ठेवावी, फोन ठेवता ठेवता टाकायला. 'लॉयल्टी' जहाज नवं नव्हतं. ते १८९१ पासून एका कॅनेडियन कंपनीकडं 'एम्प्रेस ऑफ इंडिया' या नावानं चालायचं, मग ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतलं, मग सिंदियानं. आज मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला जाणारं कॉर्डेलियाचं जहाज आहे 'एम्प्रेस', तेही १९९० चं, दुसऱ्या कंपन्यांकडं नावं बदलत आलेलं. म्हणजे शंभर वर्षांनंतरही सोलापूरकर सेकंडहँड सम्राज्ञीतूनच चाललाय. एवढं ऐकल्यावर समोरचा गप्प बसतो. मग आपण बॅगा भराव्यात.

बॅग

पहिली बॅग शेंगाचटणीची, दुसरी कडक भाकरीची आणि उरलेल्या जागेत कपडे, अशी आपली पद्धत आहे. ती समुद्रात चालत नाही. घरी शिजवलेलं अन्न बहुतेक जहाजं चढवू देत नाहीत. इस्त्री, पाणी तापवायची कॉइल, विजेची किटली, उदबत्ती, निरांजन हेही बाहेरच राहतं. कारण साधं आहे: जहाजाला पाण्यापेक्षा आगीची भीती जास्त. भर समुद्रात अग्निशमनचा बंब बोलावता येत नाही. नियम कंपनीगणिक बदलतात, म्हणून तिकिटाबरोबर आलेला कागद वाचावा. आपल्याकडं असले कागद जावई वाचतो आणि "काही नाही हो, न्या सगळं" असं सांगतो. जावई बरोबर येणार नसेल तर त्याचं ऐकू नये.

कडक भाकरी हे शिजवलेलं अन्न की बिस्किट, हा वाद तपासणीच्या टेबलापाशी उकरून काढू नये. वाद आपण जिंकू, पण भाकरी तिथंच राहील.

मोठ्या बॅगा धक्क्यावरच ताब्यात घेतात आणि त्या खोलीवर पोचेपर्यंत संध्याकाळ होते. तेव्हा रक्तदाबाच्या गोळ्या, चष्मा, ओळखपत्र आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत. पोहायचा पोशाखही तिथंच ठेवावा, कारण पोहण्याचा तलाव पहिल्या दुपारीच सगळ्यात मोकळा असतो. सुती बनियन आणि अर्ध्या चड्डीवर तलावात उतरू देत नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं.

मुंबईला जायला सिद्धेश्वर एक्स्प्रेससारखी गाडी नाही. रात्री झोपायचं, पहाटे-सकाळी सीएसएमटी. तिथून बॅलार्ड पिअर इतकं जवळ आहे, की टॅक्सीवाला तोंड वाकडं करतो. जहाज दुपारनंतर सुटतं, म्हणून आठ वाजताच धक्क्यावर जाऊन जागा धरू नये. रुमाल टाकायची सोय तिथं नाही.

खोली कुठली घ्यावी

आपल्या माणसाला सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची खोली हवी असते. पैसे दिलेत, तर व्ह्यू पाहिजे. पण जहाज डोलतं तेव्हा टोकं आणि वरचे मजले जास्त डोलतात. मध्यावरची, खालच्या मजल्यावरची खोली त्या मानानं स्थिर. तिला कधी कधी खिडकी नसते. बिनखिडकीच्या खोलीत दिवा मालवला की दुपारी दोन आणि पहाटे दोन यांत फरक उरत नाही, आणि सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी खिडक्या लावून, पडदे ओढून झोपणाऱ्यांना ती खोली घरच्यासारखी वाटते. स्वस्तही पडते.

मळमळ होणार म्हणून घाबरू नये, पण अॅव्होमिन घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून आधी घ्यावी, पोटात ढवळायला लागल्यावर नव्हे. पोट रिकामं ठेवू नये. आल्याचा तुकडा चघळावा, डेकवर मोकळ्या हवेत यावं आणि जिथं आभाळ पाण्याला टेकतं त्या रेघेकडं बघत राहावं. कान सांगतो हलतंय, डोळा सांगतो खोली जागच्या जागी आहे. त्यांच्या भांडणात पोट भरडलं जातं. रेघ बघितली की दोघांचं एकमत होतं. "पित्त झालंय, जागरणाचं" असं म्हणून खोलीत पडून राहणाऱ्याचं पित्त वाढतच जातं. पावसाळ्यात ही चिंता नाही, कारण पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा क्रूझ सहसा सुटतच नाहीत.

भोंगा

जहाज सुटण्याआधी सगळ्यांना एका ठरावीक जागी बोलावतात आणि जीवरक्षक जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात. सात छोटे भोंगे आणि एक लांब, ही संकटाची खूण. गिरणीच्या भोंग्यावर ज्यांच्या आज्यांनी स्वयंपाक लावला त्यांना वेगळं शिकवायला नको. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाल्यावर दोन वर्षांत सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आजचे नियम त्याच वंशातले. तेव्हा इथं तरी "काय बे, बुडणार हाय का काय" असं मोठ्यानं विचारू नये. आणि त्या सिनेमातली हात पसरलेली पोझ जहाजाच्या टोकावर जाऊन देता येत नाही, कारण प्रवाशांना तिथं सहसा सोडत नाहीत. जोडपी ती पोझ मागच्या कठड्याला देतात. फोटोत कळत नाही.

पाणी

हा धडा सावकाश वाचावा. वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड नळाला पाणी आलेल्या गावातला माणूस जहाजावरच्या खोलीत शिरतो, तेव्हा तो समुद्राकडं बघत नाही. तो नळ सोडून बघतो. येतं. पुन्हा बघतो. येतं! मग तो दोन बाटल्या, ग्लास आणि बर्फाचं भांडं भरून ठेवतो. "अहो, काय करताय?" "असू दे. उद्याचं काय सांगता येतं?"

सांगता येतं. जहाज आपलं पाणी आपणच बनवतं. समुद्राचं पाणी इंजिनाच्या उष्णतेवर उकळून त्याची वाफ पुन्हा थंड करायची, नाहीतर दाब देऊन ते बारीक पडद्यांतून गाळायचं, या दोन रीती. बंदरातही टाक्या भरून घेतात. म्हणजे खारं पाणी चारी बाजूंनी, आणि गोडं पाणी चोवीस तास. कुठल्याही नगरसेवकाशिवाय. ही व्यवस्था बघून सोलापूरकराला जो विषाद होतो त्यावर जहाजाच्या दवाखान्यात औषध नाही.

बाथरूममध्ये बादली-तांब्या नसतो. शौचकूप हवेच्या झोतानं ओढून घेतो आणि मोठा आवाज करतो, म्हणून आधी उठावं, झाकण लावावं, मग बटण दाबावं. ज्यांनी हा क्रम उलटा केला त्यांची आरोळी दोन खोल्यांपलीकडं ऐकू जाते.

टॉवेल

इथं मात्र आपण पाहुणे नाही, जाणकार आहोत.

संध्याकाळी जेवून आलात की पलंगावर एक हत्ती बसलेला असतो. टॉवेलचा. कधी हंस, कधी माकड. जगभरच्या क्रूझवर खोली आवरणारे कर्मचारी ही कारागिरी करतात आणि प्रवासी फोटो काढतात. सोलापूरचा प्रवासी फोटो काढत नाही. तो हत्तीचा कान उलटा करून शिवण बघतो. सोलापुरी चादरीबरोबर सोलापुरी टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून टॉवेलचे गठ्ठे देशोदेशी जातात, त्यामुळं हा टॉवेल गावाकडचा असू शकतो. चिमटीत धरून वजन जोखायचं, फास किती उंच आहेत ते बोटानं चाचपायचं, काठ ओढून बघायचा आणि निकाल द्यायचा: "सूत बरंय. धुवून धुवून मार खाल्लाय." तोवर सोंड सुटलेली असते.

"अहो, त्या बिचाऱ्यानं एवढा हत्ती केला होता!"

"हत्ती बरोबर केलाय गं. शिलाई कच्ची आहे."

दुसऱ्या दिवशी त्या कर्मचाऱ्याला गाठून यंत्रमागावर अर्धा तास व्याख्यान देऊ नये. त्याच्याकडं अजून कितीतरी खोल्या आवरायच्या असतात. तो बहुधा गोव्याचा निघेल. तिकडं बोटीवर नोकरी करणाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा आहे आणि घरोघर एखादा तारवटी सापडतो. तुमच्या मराठीला तो कोकणीत उत्तर देईल. मराठी, कन्नड, तेलुगू एकाच चौकात ऐकत वाढलेल्या माणसाला एवढी सरमिसळ पेलते.

तलावाकाठचे टॉवेल मात्र कार्डावर नोंदवून देतात आणि परत न केल्यास पैसे लावतात. ते आपलेच वाटले तरी आपले नसतात.

जेवण, फोन, बंदर

क्रूझ म्हणजे दोन्हीकडची मंडळी अनोळखी असलेलं तीन दिवसांचं लग्न. पंगत कधी संपतच नाही. फरक इतकाच, की इथं आग्रह करायला कुणी नाही, त्यामुळं आपणच आपल्याला आग्रह करतो आणि तो जास्त महागात पडतो. जेवणघराच्या दारात हातावर जंतुनाशक शिंपडतात, तो प्रसाद समजून चोळून घ्यावा. पोटाचा विषाणू बंद जहाजात फार वेगानं पसरतो. जैन जेवण आपल्या किनाऱ्यावरच्या क्रूझवर मिळतं. ज्वारीची भाकरी मिळाल्याचं ऐकिवात नाही. मंगळवेढ्याच्या माणसानं तिसऱ्या दिवशी नूडल्सकडं बघून गहिवरू नये.

तिकिटात काय आलं आणि काय वेगळं, ते पहिल्याच दिवशी विचारावं. जहाजाचं कार्ड हीच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच पाकीट. नोट मोडताना हात थरथरतो तसा कार्ड पुढं करताना थरथरत नाही, हे जहाजवाल्यांना पक्कं माहीत आहे. फोन फ्लाइट मोडवर टाकावा. नाहीतर किनारा सुटल्यावर तो जहाजाचंच महागडं नेटवर्क पकडतो आणि "पोचलो का विचारू नका, चाललोच आहोत" या एका वाक्याचं बिल घरी गेल्यावर येतं.

बंदरावर उतरलात तर परत यायची वेळ कागदावर लिहून घ्यावी आणि घड्याळ जहाजाच्या वेळेला लावावं. एसटी थांबते, कंडक्टरला विनंती करता येते, एखादी बाई रस्त्यात हात करून गाडी थांबवू शकते. जहाज थांबत नाही. मुरगावच्या धक्क्यावर काजूच्या पिशव्या घेऊन पळणारे नवराबायको बघायला वरच्या डेकवर गर्दी जमते, आणि त्या गर्दीत आपण असावं, धक्क्यावर नसावं. लक्षद्वीपला जहाज बेटापासून लांब उभं राहतं आणि लहान बोटीतून उतरवतात. तिथं पाय टाकताना बोटवाल्याचा हात धरावा. मान जात नाही.

शेवटची रात्र

निघायच्या आदल्या रात्री बॅगांना पट्ट्या बांधून त्या दाराबाहेर ठेवायला सांगतात. रात्रीतून त्या उचलल्या जातात आणि सकाळी धक्क्यावर भेटतात. सोलापूरकर नीटस माणूस. तो सगळं भरतो. अंगातले कपडे काढून तेही घडी करून भरतो, लुंगी-बनियनवर झोपतो आणि सकाळी कपाट उघडतो. कपाटात हँगर असतात.

तेव्हा शर्ट-पँट आणि साडी आधी बाहेर काढून ठेवावी, बॅग मग बंद करावी. वहिनींनी स्वतः जातीनं बघावं. जहाज मुंबईला सकाळी लागतं, वंदे भारत दुपारी चारच्या सुमाराला आहे, सिद्धेश्वर तर रात्री. तेवढा वेळ फोर्टात लुंगीवर काढायचा असेल, तर निदान गावाकडचा एक टॉवेल खांद्यावर असावा.