पेंटर, नाव जरा मोठा कर!

रेवसपासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही नाक्यावर विचारा, तो सापडतोच. दुकानाच्या पाटीवर 'ग्राफिक्स', 'आर्ट्स' नाहीतर 'डिजिटल' असं काहीतरी असतं, पण गावाच्या लेखी तो पेंटर. ब्रश आता वर्षातून एकदाच हातात येतो, जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोटी वर काढल्या की. बाकीचे दहा महिने माउस. तरीही पेंटरच. त्याच्या बायकोला बाजारात 'पेंटरीण' म्हणतात आणि पोराला शाळेत 'पेंटरचा'.

दुकानात एक कॉम्प्युटर, त्यावर कोणे एके काळी कुणाकडून तरी 'मिळालेला' कोरलड्रॉ, काचेखाली लग्नपत्रिकांचे नमुने आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. गिऱ्हाईक स्टुलावर बसत नाही. ते पेंटरच्या खांद्यामागे उभं राहतं आणि स्क्रीनवर बोट टेकवून डिझाइन करतं. "हे इकडं घे. ते तिकडं घे. मधी जागा सुटलीय, तिथं कमळ टाक." कमळ म्हटल्यावर सोबत आलेला चमकतो. मग "कमळ नको, गुलाब टाक" असं ठरतं. शेवटची मागणी मात्र सगळ्या पक्षांची, सगळ्या जातीधर्मांची एकच असते: "पेंटर, नाव जरा मोठा कर." सगळीच नावं मोठी केली की कुठलंच मोठं दिसत नाही, हे सांगून तो थकला.

त्याचं पोट चालतं वाढदिवसाच्या बॅनरवर. वरच्या रांगेत थोर नेते, मध्ये हात जोडलेले 'भाऊ', खाली पोस्टाच्या तिकिटाएवढे शुभेच्छुक. कुणाचं डोकं कुणापेक्षा किती बोटं मोठं हवं, हे त्याला जिल्हाध्यक्षापेक्षा चांगलं ठाऊक असतं. भाऊंचा फोटो तो वेगळ्या लेयरवर ठेवतो आणि नेत्यांची रांग वेगळ्या. पक्ष बदलला की फक्त वरची रांग बदलायची. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या राजकारणाने त्याचा बराच वेळ वाचवला आहे.

त्याचं दुःख वेगळं आहे. फ्लेक्सचा भाव चौरस फुटावर आणि डिझाइन 'त्यातच'. डिझाइनचे पैसे मागितले की गिऱ्हाईक दुखावतं. "सगळा कॉम्प्युटरच करतो ना? मग तुझा काय जातंय?" म्हणजे जितकं जास्त छापावं तितके जास्त पैसे, आणि डोकं चालवून मजकूर कमी केला, बॅनर अर्धा झाला, तर कमाईही अर्धी. विचार करण्याबद्दल दंड बसणारा असा धंदा दुसरा नसेल.

2020 साली भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली आणि मोटारींबरोबर मुंबईचे डिझायनरही बोटीतून उतरू लागले. असाच एक जण शनिवार-रविवारच्या बंगल्याच्या नावाची पाटी करून घ्यायला आला. भल्यामोठ्या पाटीच्या कोपऱ्यात मुंगीएवढं नाव. "बाकीचं मोकळं राहू दे, त्याला श्वास घेऊ दे," म्हणाला. तो गेल्यावर पेंटर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हा मुंबईत मोकळ्या जागेचं बिल लावतो! आपल्याकडं मोकळ्या जागेत कमळ टाकतात."

पण त्याच्या कॉम्प्युटरच्या वर पिवळी कात्रणं डकवलेली आहेत. सुलेखनकार कमल शेडग्यांच्या अक्षरांतल्या नाटकांच्या जाहिराती. नुसतं नाव वाचून नाटक रडवणार की हसवणार हे कळावं, अशी ती अक्षरं. 2020च्या जुलैत शेडगे गेले, तेव्हा पेंटरने दुकान बंद ठेवलं. लॉकडाउनमुळे तसंही ते बंदच होतं, त्यामुळे गावाला पत्ता लागला नाही.

त्या कात्रणांमुळेच असेल, पण बॅनर सोडून दुसरं काम आलं की हा माणूस बदलतो. येडे प्रश्न विचारू लागतो. 'अलिबागसे आया है क्या?' या वाक्यावर बंदी आणा, अशी याचिका 2019 साली मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली, तेव्हा नाक्यावर सगळे चिडले होते. हा एकटा खूश. "येडा समजतात तेच बरं. येड्याला काहीही विचारता येतं."

नागावच्या एका काकांनी घरगुती खोल्या काढल्या. पाटीवर त्यांना हवं होतं: मालदीवची झोपडी, डॉल्फिन, गरम पाणी, पार्किंग, शुद्ध शाकाहारी व मांसाहारी, आणि वर कुलस्वामिनी प्रसन्न. पेंटरने विचारलं, "काका, वाचणारा कुठं बसलेला असंल?"

"गाडीत."

"गाडी थांबलेली का चालती?"

काका म्हणाले, हा काय प्रश्न झाला? पेंटरने त्यांना स्कूटरवर मागे बसवलं आणि वळणावरून दोनदा नेलं. शेजाऱ्याच्या पाटीवरचं काय वाचलंत, विचारलं. काकांनी फक्त डॉल्फिन वाचला होता. नवी पाटी झाली ती एवढीच: 'खोल्या. घरचं जेवण.' आणि डावीकडे एक बाण. तीही वळणाच्या आधी लावली. वळणानंतर लावलेली पाटी फक्त पश्चात्तापाला उपयोगी. मे महिन्यात काकांच्या खोल्या भरल्या. पाटी लहान झाली म्हणून त्यांनी पैसेही लहान केले.

बोटीचंही तसंच. नाखव्याला नाळेवर एकवीरा आई हवी, दोन्ही बाजूंना फुलं हवी, आणि नंबर? "टाक कुठंतरी खाली." पेंटर ब्रश खाली ठेवतो. ह्याच किनाऱ्यावर, शेखाडीला, 1993 साली स्फोटकं उतरली. 2008 साली मुंबईवर चालून आलेले दहशतवादी 'कुबेर' नावाची मच्छीमार बोट पळवून आले. तेव्हापासून गस्तीवाले लांबूनच नंबर शोधतात. "नाखवा, आई तुम्हाला अंधारातपण ओळखंल. कोस्ट गार्डला नंबर लागतो." मग आई जागच्या जागी राहते आणि नंबर हातभर उंच होतो.

लग्नपत्रिकेत तो हयात काकांच्या नावामागचं 'कै.' काढतो, ते तर सगळेच काढतात. ह्याचं पुढचं पाऊल म्हणजे मुंबईकर पाहुण्यांच्या पत्रिकेवर गणपतीची चौथी छबी काढून तिथे परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ टाकणं. त्या एका ओळीने किती यजमानांच्या गाद्या वाचल्या, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

त्याचं सगळ्यात चांगलं काम मात्र कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला 2022 साली भौगोलिक मानांकन मिळालं. भात निघाल्यावर त्याच शेतात, कार्ले, खंडाळे, नेहुली या भागात होणारा हा कांदा. तिखटपणा कमी, कच्चा खाल्ला तरी डोळ्यांत पाणी नाही. त्याच्या माळा रस्त्याकडेला टांगतात आणि शेजारीच बाहेरून आलेला पांढरा कांदा 'अलिबागचा' म्हणून टांगलेला असतो. एक मावशी म्हणाल्या, "मोठा बोर्ड कर, सोनेरी. लिही, शंभर टक्के ओरिजिनल." पेंटर म्हणाला, "मावशी, ते पलीकडच्यानं कालच करून नेलं." मग त्याने माळेच्या गाठीला बांधायची एक चिठ्ठी केली: शेतकऱ्याचं नाव, गाव, मोबाइल आणि मानांकनाची खूण. ती खूण नोंदणी झालेल्या उत्पादकालाच वापरता येते, हे त्याने आधी विचारून घेतलं होतं. मावशींची नोंदणी नव्हती. त्याने चिठ्ठी नंतर छापली, आधी त्यांना अर्ज भरायला पाठवलं. सोनेरी बोर्ड कुणीही लावतं. आपला मोबाइल नंबर खोट्या मालाला कुणी बांधत नाही. चिठ्ठीचं माप चौरस फुटात बसेना, म्हणून पेंटरला काय द्यायचं हे मावशींना कळेना. शेवटी त्याने एक माळ घेतली.

पेंटरची अक्कल आजवर कांद्यावर, चहावर आणि 'पुढच्या वेळी बघू'वर निघाली. गावाने त्याला फ्लेक्सचे पैसे दिले, उपयोगाचे नाही. तुमच्याही नाक्यावर तो असणारच. त्याच्याकडे जाल तेव्हा बोट खिशात ठेवा. कुणी वाचायचं आणि वाचून त्याने काय करायचं, एवढंच सांगा. आणि डिझाइनचे पैसे वेगळे द्या.