साहेबांचं इंजिन, ड्रायव्हरचा पाय

मर्सिडीजची एस-क्लास घेणाऱ्यापुढे पहिला पेच इंजिनाचा. २०२१ साली चाकणच्या कारखान्यात या पिढीची जुळणी सुरू झाली तेव्हा पर्याय दोन होते: एस ३५० डी, म्हणजे २८६ अश्वशक्तीचं डिझेल, आणि एस ४५०, म्हणजे ३६७ अश्वशक्तीचं पेट्रोल. दोन्ही तीन लिटरची, दोन्हींना सहा सिलिंडर. तेव्हा किमती होत्या १ कोटी ५७ लाख आणि १ कोटी ६२ लाख. मधल्या पाच लाखांवर साहेब आठवडाभर खल करायचे. गंमत एवढीच, की इंजिन निवडतात साहेब आणि चालवतो ड्रायव्हर. साहेब मागे, पाय पसरून, सीटकडून पाठ चेपून घेत. एवढ्यानं भागत नसेल तर मायबाख एस ६८० आहेच. बारा सिलिंडर, ६१२ अश्वशक्ती!

वेग ताशी २५० किलोमीटरवर कंपनीनंच रोखून धरलाय. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवली आहे. आपल्याकडे तेच काम चाकणचा तळेगाव चौक फुकटात करतो. तिथं पुढं कंटेनर, मागं कंटेनर. मागची चाकंही वळतात, म्हणून सव्वापाच मीटरची ही गाडी चिमुकल्या गाडीसारखी वळते म्हणे. वळेलही, पण वळायला जागा हवी ना! शेजारची रिक्षा मात्र तीनच चाकांवर केव्हाच पुढं सटकलेली असते.

तेव्हा घेणाऱ्यांनो, मागची सीट तेवढी नीट पारखून घ्या. वेळ तिथंच जायचाय. इंजिनाचं ड्रायव्हरला विचारा.