नानांचा शिक्रा

"वहिनी, कढीपत्ता हवा होता ना? घ्या. नानांची फजिती कळली का?"

"नवी दुर्बीण घेतलीय, एवढंच कळलंय."

"तीच गळ्यात घालून रोज सहाला वेताळ टेकडीवर! परवा मलाही ओढून नेलं. गिरिपुष्पाच्या झाडीत एक राखाडी पक्षी बसलेला. छाती तांबूस, शेपटीवर आडवे पट्टे. खाली साळुंक्यांचा नुसता कालवा. नाना म्हणाले, शिक्रा! लगेच फोटो गल्लीच्या ग्रुपवर. अंगठ्यांचा पाऊस. तेवढ्यात शिक्र्यानं तोंड उघडलं."

"आणि?"

"पेरते व्हा! पेरते व्हा!"

"अगं बाई, पावशा!"

"मृग तोंडावर आलाय, दुसरं काय म्हणणार तो? पण नानांना हसू नका हो. साळुंक्याही फसल्याच की. त्याचं सोंगच तसं. उडतोसुद्धा शिक्र्यासारखा, चार वेळा पंख मारायचे नि तरंगत जायचं."

"मग ओळखायचं कसं, काकू?"

"चोच बघायची. शिक्र्याची आकड्यासारखी, मांस फाडायची. पावशाची जवळजवळ सरळ, टोकाला जराशी झुकलेली. सुरवंट खाणाऱ्याला आकडा कशाला हवाय? डोळ्याभोवती पिवळं कडंही असतं. शिवाय शिक्रा ताठ बसतो, परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखा. हा आपला पंख ढिले सोडून. पाय दिसले तर प्रश्नच मिटला: पावशाची दोन बोटं पुढे, दोन मागे; शिक्र्याची तीन पुढे, एक मागे. पण पाय दाखवतात कुठे मेले! पोरवयातले तर त्याहून वाईट, दोघांच्याही छातीवर तपकिरी टिकल्या."

"एवढं सोंग कशासाठी पण?"

"सातभाईंसाठी. शिक्रा आला म्हणून ते बिचारे घाबरून उठतात, तेवढ्यात मादी त्यांच्या घरट्यात अंडं टाकून मोकळी, असं म्हणतात. अंडंही त्यांच्यासारखंच निळं! मग सगळा गोतावळा मिळून परक्याचं पोर पोसत बसतो."

"म्हणजे आपल्या कोपऱ्यावरच्या बंगल्यात—"

"हळू बोला! कुंपणालाही कान असतात."

"बरं, नानांचं पुढे काय झालं?"

"म्हणाले, डोळ्यांवर भरवसा नाही, आता आवाजावरूनच ओळखीन. काल वायरीवरून शिक्र्याचा आवाज आला, हे ओरडले शिक्रा. मी वर बघितलं तर काळाकुट्ट, दुभंगल्या शेपटीचा कोतवाल! शिक्र्याची नक्कल करतो, साळुंक्या घाबरून उडाल्या की त्यांचा किडा पळवतो."

"हेही टाकलं का ग्रुपवर?"

"छे! दुर्बीण विकायला काढलीय. तुमच्यासाठी विचारू का?"