पनवेल–सीएसएमटी, धीमी

पनवेलजवळच्या आमच्या कोन गावात वाद्यवृंद म्हणजे हळदीतला बेंजो. एक्स्प्रेस वेवरच्या ट्रकांच्या हॉर्नलाही तो पुरून उरतो. त्यामुळे शंभरावर वादक ऐंशी मिनिटं प्रेम वाजवणार आहेत म्हटल्यावर बायको एवढंच म्हणाली, "हेडफोन लावा."

फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियांची ही सिंफनी, 'तुरंगलीला'. नावावरून मला घोड्यांच्या शर्यतीवरचं संगीत नाटक वाटलं. पण हे तालाचं नाव, आणि माल आपलाच! तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त 120 देशी ताल नोंदवले, त्यांतला हा एक. ती यादी मेसियांने पॅरिसमध्ये घोकली. आपण देवगिरीला मेंढा तोफेशेजारी फोटो काढून परततो.

सलग ऐंशी मिनिटं आमच्या घरात कुणाला सापडत नाहीत. म्हणून पनवेलला सीएसएमटी लोकल पकडली. तीही साधारण तेवढाच वेळ खाते. खांदेश्वरला ट्रॉम्बोन गरजले. पाठोपाठ ओंद मार्तनो हे विजेचं वाद्य हुंकारू लागलं. 'नागिन'मधल्या पुंगीची ही फ्रेंच मावशी. (1954 सालची ती पुंगीही खरी नव्हतीच, कल्याणजींनी क्लाव्हियोलिनवर वाजवलेली.) दहांपैकी पाचवा भाग, ताऱ्यांच्या रक्ताचा आनंद, नेमका वाशी खाडीच्या पुलावर आला. सगळी वाद्यं एकदम अंगावर! प्रेमात माणूस एवढा ओरडतो?

मानखुर्दला सहावा सुरू झाला : प्रेमाच्या झोपेची बाग. तंतुवाद्यं अगदी संथ, वर पियानोतली पाखरं. शेजारचे काका माझ्या खांद्यावर कलंडले होते. हालायची सोय नव्हती. शर्टावर लाळेचा डाग पडला, पण पाखरं थांबली नाहीत. कुर्ला येताच काका दचकून उठले, पिशवी सावरत माझ्याकडेच रागाने बघत उतरले.

रात्री बायकोला सगळं सांगितलं. पहिला प्रयोग 2 डिसेंबर 1949, बॉस्टन, लेनर्ड बर्नस्टाइनच्या हाती छडी, पियानोवर इव्हॉन लोरिओ. पुढे मेसियांने तिच्याशीच लग्न केलं, 1961 साली.

"बारा वर्षांनी?" पोळी उलथत ती म्हणाली. गिरणी कामगारांच्या घरांच्या 2016च्या सोडतीत नाव लागूनही चावीसाठी वर्षानुवर्षं खेटे घातलेल्या घरातली ती. "सोडतीत नाव लागलं असणार त्याचं."

तुम्हालाही ऐकायची असेल तर पनवेललाच चढा. वाशीला चढलात तर बागेत बसायला जागा मिळत नाही.