तुमच्या चिरंजीवांनी गाडी सोलली

शारजा,
शुक्रवार, 12 सप्टेंबर 2025

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
सूनबाईचा शिरसाष्टांग नमस्कार.

गणपती दीड दिवसाचा बसवला. मोदकांना आपल्या खरवईहून आणलेलीच पिठी वापरली आणि एकही फुटला नाही, हे आईंना मुद्दाम सांगते.

रोज व्हिडिओ कॉल होत असताना हे पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. त्याचं असं आहे की कॉलवर फोन तुमच्या चिरंजीवांच्या हातात असतो आणि गाडीचा विषय निघाला की कॅमेरा छताकडे वळतो. गेल्या आठवड्यात भाऊजींनी विचारलेलं मी स्वयंपाकघरातून ऐकलं. म्हणाले, ‘दादा, पितृपक्षात नवी गाडी घेता येत नाही, तर दसऱ्याच्या पूजेसाठी जुनीच नवी करतो. तो काळा रॅप काढून टाकू का?’ यावर यांचं उत्तर, ‘त्यात काय एवढं? एक टोक धर आणि ओढ.’ तव्यावरची पोळी करपली, बाबा! ज्यांच्या स्वतःच्या गाडीचं बॉनेट या घडीला खाली पार्किंगमध्ये आईंनी दिलेल्या सोलापुरी चादरीखाली झाकलेलं आहे, त्यांनी हा सल्ला द्यावा? तेव्हा खरं काय घडलं ते सविस्तर कळवते. भाऊजींना वाचून दाखवा, आणि तोवर हीट गन तुमच्या कपाटात कुलपात ठेवा.

गाडी आम्ही जुनी घेतली हे तुम्हाला ठाऊक आहे. तिच्यावर करड्या रंगाचा, चकाकी नसलेला रॅप, म्हणजे रंगावर चिकटवलेली फिल्म, आधीपासूनच होता. विकणाऱ्याने सांगितलं, ‘एकाच बाईंनी वापरलीय, शाळा आणि सुपरमार्केट सोडून कुठे गेलेली नाही.’ 16 एप्रिल 2024 ला इथे जो पाऊस झाला, 1949 पासून नोंदी आहेत त्यातला सगळ्यात मोठा, त्यात हजारो गाड्या पाण्यात उभ्या होत्या. त्यामुळे जुनी गाडी घेणारा प्रत्येक जण आता पाण्याचीच चौकशी करतो. तुमचे चिरंजीव तर बदलापूरचे! 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली होती, त्या दिवसाचे सगळे किस्से त्यांनी विक्रेत्याला ऐकवले. ‘उल्हास नदीकाठचा माणूस आहे मी, बुडालेली गाडी मला वासावरून कळते.’ मग गालिचा हुंगला, सीटखाली बोटं फिरवली, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का ते पाहिलं. गाडी कोरडी निघाली. रंग मात्र कुणी पाहिला नाही, कारण पाहायला रंग दिसतच नव्हता.

पुढे मुल्किया, म्हणजे इथलं आरसी बुक, नव्याने करायची वेळ आली. तपासणीत साहेब म्हणाले, ‘कागदावर गाडी पांढरी आहे, समोर करडी उभी आहे. एक तर रंगबदलाची रीतसर नोंद करा, नाही तर ही फिल्म काढा.’ आपल्याकडेही नियम तोच आहे, फक्त तो कुणाला आठवत नाही. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. गाडी आरसीवर लिहिल्यापेक्षा वेगळी करायची तर आधी आरटीओला विचारावं लागतं. भाऊजींच्या आरसीवर लाल लिहिलंय आणि गाडी काळी फिरतेय. कल्याण आरटीओच्या साहेबांचं लक्ष गेलं नाही, हे दत्तगुरूंचे उपकार.

इथल्या मिस्त्रीने रॅप काढायची मजुरी सांगितली. पेशावरचा पठाण आहे, बोलायला गोड. तो आकडा ऐकून चिरंजीव म्हणाले, ‘स्टिकर काढायचे एवढे पैसे? 2012 साली सुप्रीम कोर्टाने गाड्यांच्या काळ्या फिल्मवर बंदी आणली, तेव्हा बाबांच्या मारुतीची फिल्म मीच काढली होती की!’ काढली होती खरी. पण ती काचेवर होती. काचेला रंग नसतो, त्यामुळे जायला काही नव्हतं. एवढा फरक मी लक्षात आणून दिला, तेव्हा ‘तुला टेक्निकल कळत नाही’ असं ऐकावं लागलं.

इथे मुलांच्या शाळेला शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुट्टी असते. मोठ्या माणसांच्या उचापतींसाठी ही फार सोयीची व्यवस्था आहे. ऑगस्टमधल्या एका शनिवारी, उन्हाचा पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना, चिरंजीव खाली उतरले. ‘हीट गन कशाला? वरचा सूर्य फुकट आहे.’ सोबत नेलं काय? माझा हेअर ड्रायर, नॉनस्टिक तव्याचं उलथनं, खोबरेल तेलाची बाटली आणि मदतनीस म्हणून तुमचा नातू.

सुरुवात टपापासून केली. या फिल्मचं असं असतं की ती मऊ राहावी म्हणून विनाइलमध्ये काही द्रव्यं घातलेली असतात. उन्हाने ती वर्षानुवर्षं उडून जातात, फिल्म ताठ आणि ठिसूळ होते, आणि टप, बॉनेट, डिकी असे आकाशाकडे तोंड करून असलेले भाग सगळ्यात आधी भाजून निघतात. टपावरची फिल्म नखाएवढ्या तुकड्यांनी निघू लागली, आणि प्रत्येक तुकड्यामागे त्याचा गोंद तिथेच ठाण मांडून बसला. त्यात पत्रा असा तापलेला की गोंद वितळून धागे सुटायला लागले. खोबरेल तेल त्यावर चालतं, हे मी मान्य करते. पण अख्ख्या टपाचा गोंद उतरवायला जेवढं तेल लागलं, तेवढ्यात आपल्या वाड्यातल्या सगळ्या बायकांची न्हाणी झाली असती. नातवाचं उलथनं कडेला झिजलं. बिल्डिंगमधली मंडळी जमली. एक त्रिचूरचे काका, एक पुण्याचे काका. त्रिचूरच्या काकांनी पाणी आणून दिलं, पुण्याच्या काकांनी मतं दिली.

मग वळले बॉनेटकडे, आणि तिथे चमत्कार झाला. फिल्म अगदी सहज, अखंड, सरसर निघायला लागली! चिरंजीवांनी माझ्याकडे विजयी नजर टाकली. ‘बघ, हात बसायला वेळ लागतो फक्त.’ फिल्म उलटी करून पाहिली तर तिच्या पाठीवर पांढराशुभ्र रंग. बॉनेटवर ज्या ठिकाणी तो असायला हवा होता, तिथे राखाडी प्राइमर, आणि डाव्या बाजूला मडगार्डपर्यंत पसरलेली लांबी, म्हणजे पुट्टी. बाबा, लांबी! एकाच बाईंनी वापरलेल्या, शाळा आणि सुपरमार्केट सोडून कुठेही न गेलेल्या गाडीला.

पुण्याचे काका म्हणाले, ‘मी म्हणणारच होतो.’

त्यानंतर पठाण मिस्त्रीला बोलवावंच लागलं. त्याने खिशातून रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र काढलं आणि पत्र्याला टेकवत गाडीभोवती फिरला. दारांवर एकशेवीस मायक्रॉनच्या आसपास, टपावरही तेवढंच. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हे मी तुम्हाला सांगायला नको. ऑर्डनन्स फॅक्टरीत तुमचं आयुष्य गेलं. कारखान्यातून निघालेल्या गाडीचा सगळा रंग, अस्तरापासून वरच्या चकचकीत थरापर्यंत, साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन भरतो. डाव्या मडगार्डवर यंत्राने नऊशेच्या वरचा आकडा दाखवला. मिस्त्री हळहळत म्हणाला, ‘बहेनजी, इसने खाया है.’ म्हणजे गाडीने मार खाल्ला आहे. लेखी दाखला नसला तरी निदान मला पटलं.

आता मला कळलेली गोष्ट सांगते. तुम्हाला ती आधीच माहीत असेल, पण भाऊजींना नाही. कारखान्यात गाडीचा नुसता सांगाडा असतो. वायरी नाहीत, सीट नाहीत, प्लास्टिक नाही. तो अख्खा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या प्रवाहाने पहिला थर चढवतात आणि दीडशे-पावणेदोनशे अंशांच्या भट्टीत भाजतात. वरचे थरही एकशेचाळीसच्या आसपास भाजले जातात. तो रंग पत्र्याला धरतो तो धरतो. गल्लीतल्या किंवा इथल्या इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजमध्ये तयार गाडी रंगवायची असते. तिला भट्टीत घातली तरी साठ-ऐंशी अंशांपुढे जाता येत नाही, नाही तर वायरिंगसकट सगळं शिजायचं. तो रंग वाईट असतो असं नाही. पण खालचा पत्रा नीट घासला नसेल, घाई केली असेल, रंगातलं थिनर पूर्ण उडायला काही आठवडे द्यायचे ते दिले नसतील, तर त्याची पकड कच्ची राहते. आणि त्यावर लगेच रॅप चढवला तर आतलं थिनर आतच कोंडतं. आमच्या गाडीचं बहुधा हेच झालं असावं. ठोकली, लांबी भरली, रंग मारला, आणि रंगाची छटा जुळेना म्हणून सरसकट करडा रॅप चढवून मोकळे झाले.

पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीवर मुलांनी चिकटवलेला चार्ट काढला की चुन्याचे पोपडे सोबत येतात, तेव्हा आपण चार्टला शिव्या देत नाही. रॅपचंही तसंच आहे. टपावर फिल्मची पार दशा झाली होती, गोंद काढताना आमचीही झाली, पण खालचा पांढरा रंग जसाच्या तसा निघाला, कारण तो कारखान्याचा होता. बॉनेटवर फिल्म अगदी शहाण्यासारखी निघाली आणि रंग घेऊन गेली. फिल्म बनवणाऱ्या कंपन्याही हमी देताना हेच बजावतात: मूळ रंग शाबूत असेल तर फिल्म नीट निघेल, दुरुस्तीनंतर मारलेल्या रंगाची जबाबदारी आमची नाही. चिरंजीव मात्र अजून फिल्मलाच दोष देतात. माणसाला स्वतः निवडलेल्या गाडीपेक्षा दुसऱ्याने चिकटवलेल्या कागदावर रागावणं सोपं जातं.

दारांच्या कडांना आणखी एक गंमत सापडली. ज्याने रॅप बसवला, त्याने जास्तीची फिल्म गाडीवरच ब्लेडने कापली होती. त्या रेषा रंगात खोल उतरल्या आहेत. इथे पाऊस नावालाच, म्हणून नुसत्या रेषा आहेत. आपल्याकडे खरवईच्या चार महिन्यांच्या पावसात तिथून पाणी आत गेलं असतं आणि आज गंजाच्या रेषा दिसल्या असत्या. भाऊजींच्या दारांच्या कडा बॅटरी घेऊन बघा.

आता बॉनेट आणि मडगार्ड पत्र्यापर्यंत खरवडून नव्याने रंगवायचं ठरलं आहे. मिस्त्रीने रॅप काढायची जी मजुरी आधी सांगितली होती, त्याच्या कितीतरी पट. आकडा लिहीत नाही, आईंचं बीपी आहे. शिवाय नवा पांढरा आणि जुना पांढरा यांत उन्हात फरक दिसणार, हे त्याने आत्ताच सांगून ठेवलंय. विक्रेत्याचा फोन लागतो, पण उचलत नाही.

भाऊजींना करायचंच असेल तर गॅरेजवाल्याकडून आधी जाडी मोजून घ्यावी. बॉनेटवर एक आकडा आणि दारावर दुप्पट-तिप्पट असं आलं तर हातच लावू नये. आकडे सारखे आले तर दाराच्या खालच्या कोपऱ्यात, कुणाच्या नजरेत न येणाऱ्या जागी, तळहाताएवढा तुकडा काढून पाहावा. सकाळच्या सावलीत, हीट गन एका जागी न धरता फिरवत, हाताला सोसेल इतपत गरम करून. फिल्म वर उचकटून नव्हे, तर स्वतःवरच दुमडून, जवळजवळ गाडीला समांतर, सावकाश मागे ओढायची. दुसऱ्या माणसाने पुढे पुढे ऊब देत जायची. पाठीवर रंगाचा ठिपका जरी दिसला तरी थांबायचं, आणि तिथे ‘आता एवढं झालंच आहे तर’ असं म्हणायचं नाही. हे वाक्य तुमच्या घराण्यात फार चालतं, म्हणून वेगळं लिहिते.

बाकी ठीक. नातवाने शाळेत ‘माझी सुट्टी’ या निबंधात हे सगळं लिहिलं आणि बाईंनी त्याला चांगला शेरा दिला. दिवाळीत यायचं जमेलसं वाटतंय, विमानाची तिकिटं बॉनेटच्या बिलानंतर बघू.

भाऊजींना विचारून एवढंच कळवा: गाडी त्यांच्या आधी कुणाकडे होती, आणि बॉनेट कधी रंगवलं होतं का. उत्तर ‘माहीत नाही’ असं आलं, तर दसऱ्याला झेंडूचं तोरण काळ्या रॅपवरच बांधा.

तुमची,
सूनबाई