पंचवीसच्या पुढे तुमचं तुम्ही

"ना लायसन, ना पासिंग, ना इन्शुरन्स. चार्ज करा आणि सुटा!" साताऱ्यात जा नाहीतर सांगलीत, ई-सायकल विकणाऱ्याचं पाठांतर एकच. पहिले दोन नकार गिऱ्हाईकाच्या फायद्याचे, हे मान्य. तिसरा कुणाच्या फायद्याचा, ते तो सांगत नाही. आपणही विचारत नाही. सीट कव्हर फुकट मिळतंय का, या वाटाघाटीत आपण गुंतलेले असतो.

विक्रेता खोटं बोलत नाही, हीच खरी अडचण. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांच्या हिशेबात मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर ते मोटार वाहनच नव्हे. म्हणजे त्याला एमएच-११ नाही, एमएच-१० नाही आणि थर्ड पार्टी विम्याची सक्तीही नाही. पायडल मारताना मदत करणारी मोटर असेल, तर तिने पंचविसाला पोचताच गप्प बसायचं. यवतेश्वरचा घाट उतरताना सायकल चाळीसने सुटली, तरी ती सायकलच. तो वेग घाटाचा, मोटरचा नव्हे. इथवर कायदा शहाणा आहे.

आता अपघात घडवून बघू. सांगली-मिरज रस्त्यावर ट्रकने ई-सायकलवाल्याला उडवलं, तर ट्रकचा थर्ड पार्टी विमा आहे, मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे, वकील तर आहेतच. ट्रक पळून गेला आणि सापडलाच नाही, तरी एप्रिल २०२२ पासून हिट अँड रन योजनेत मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. आता पात्रं बदला. साताऱ्यात राजवाड्याजवळ भाजी घेऊन निघालेल्या आजींना ई-सायकलची धडक बसली आणि खुब्याचं हाड मोडलं. न्यायाधिकरण मोटार वाहनांचं, त्यामुळे ते दार बंद. सायकलवाल्याचा विमा नाही. उरतो दिवाणी दावा. हाड जुळून येईल, तारीख येणार नाही. आणि सायकलवाला पळालाच, तर ते ५० हजारही गेले, कारण आजींना उडवणारी वस्तू मोटार वाहन नव्हती. धडक खायचीच तर ट्रकची खा, असा हा सल्ला झाला. तो आजींना समजावून सांगायला मी जाणार नाही.

याहून मोठा विनोद मोटरचा वेग रोखणाऱ्या लिमिटरच्या वायरीचा. दुकानदारच विचारतो, "लिमिटर काढून देऊ का? पोराला क्लासला लवकर पोचता येईल." पालक खूश, पोरगं त्याहून खूश. पण मोटरच्याच जोरावर वेग पंचविसाच्या पुढे गेला, की त्या सायकलचा कायद्याने पुनर्जन्म होतो. ती मोटार वाहन बनते. तेही बिनपासिंगचं, बिनविम्याचं आणि चालवणारा बिनलायसनचा. विमा नसल्याचा पहिला दंड २ हजार किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पोरगं अल्पवयीन असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकांना २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय कुणाला लागलं, तर न्यायाधिकरण आता हजर असतं, विमा कंपनी मात्र नसते. भरपाई द्यायची मालकाने, गुंठा विकून. असे फेरफार केलेल्या ई-बाईकविरुद्ध परिवहन विभागाने २०२२ मध्ये राज्यभर मोहीम काढली होती. मोहीम संपते, वायर कापणारे दुकानातच असतात.

सांगलीकरांचं दुखणं आणखी वेगळं. आयर्विन पुलावर कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. दारातल्या स्कूटरचा पूर्ण विमा असेल तर पुराचं नुकसान तरी मागता येतं. ई-सायकलची बॅटरी पाण्यात गेली, की वॉरंटी कार्ड वाळत घालायचं. म्हणून पुराची हलगी वाजली की आधी सायकल माळ्यावर न्या. ६० किलोची मर्यादा जिने चढणाऱ्यांचा विचार करूनच घातली असावी, असं मला अलीकडे वाटू लागलंय.

विमा मिळतच नाही असं नाही. सायकलसाठी खास पॉलिसी निघाल्या आहेत. घरगुती सामानाच्या जुन्या पॅकेज पॉलिसीत 'पेडल सायकल' हा एक विभागही असतो. मात्र त्यात मोटरवाली सायकल बसते का, हे एजंटाला तोंडी विचारू नका. लेखी विचारा; तोंडी उत्तर कायम 'हो' असतं. बाकी पंतप्रधान सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूला २ लाख देते, वाहन कोणतं ते न बघता. पण डोळा, हात किंवा पाय कायमचा गमावणं हा तिचा पुढचा हिशेब. नुसत्या मोडलेल्या मनगटाला तिथे छदाम नाही.

सायकलला आरटीओच्या रांगेत उभं करा, असं मी म्हणत नाही. रांगेतली माणसं आधीच पुरेशी आहेत. पण हजारो रुपयांच्या वस्तूबरोबर समोरच्या माणसासाठी एक छोटा थर्ड पार्टी विमा बिलातच जोडून देणं कंपन्यांना जड नाही. सरकारने ते सांगेपर्यंत तुम्ही एवढं करा: मोटरचे वॅट, फ्रेमचा नंबर आणि मान्यता प्रमाणपत्राचा क्रमांक बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि "लिमिटर काढून देऊ का?" असं विचारणाऱ्याला, तेही बिलावर लिहून द्या म्हणावं.