भिंतीवरचं भिंतीवर

“शुभा, अगं ए शुभा! धुणं नंतर वाळत घाल. आपल्या स्मृती मानधनानं काही नवीन टाकलंय का गं?”

“नाही काकू, मॅचचेच फोटो. रोज काय विचारता?”

“मग? सांगलीत राहून विचारायचं नाही? वर्ल्ड कप जिंकली, त्याच महिन्यात ते अंगठीचं रील आलं. जेमिमा, राधा, श्रेयांका, अरुंधती आणि ही, मुन्नाभाईच्या गाण्यावर नाचतायत आणि शेवटी ही हळूच बोट दाखवते. मी तीनदा बघितलं. आणि पुढं 7 डिसेंबरला तिनंच लिहिलं, लग्न मोडलंय, विषय इथंच थांबवा. मधल्या दोन आठवड्यांत लोकांनी काय काय रचलं! रील अकाउंटवरून गेलं म्हणून एक कथा, फोटो राहिला म्हणून दुसरी.”

“आपण पण बोललोच की काकू.”

“आपण भिंतीवर बोललो. भिंतीवरचं भिंतीवर राहतं. तिच्या फोटोखाली जाऊन नाही लिहिलं काही.”

“पण मला सांगा, हे खेळाडू लोक सगळं स्वतःच लिहितात?”

“कसलं स्वतः! माझा भाचा नाही का अंधेरीला, खेळाडूंची कामं बघणाऱ्या कंपनीत? तो सांगतो, शूटचे दिवस करारातच बांधलेले. एका दिवशी स्टुडिओत बोलावतात, पाच टी-शर्ट बदलायला लावतात, आणि ती रीलं दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत पुरवून पुरवून सोडतात. खाली काय लिहायचं ते कंपनी पाठवते, हॅशटॅगसकट. मॅनेजर ‘ओके’ म्हणतो. तेव्हा तो गडी न्यूझीलंडात गाढ झोपलेला.”

“अग्गोबाई! म्हणजे ‘माझं आवडतं बिस्किट’ म्हणतात ते?”

“डाएटवाली बाई वर्षभर बिस्किटाला हात लावू देत नसेल! म्हणून तर जाहिरात परिषदेनं 2021 मध्ये नियम केला, पैसे घेऊन टाकलेलं असेल तर तसं लिहा. त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिक चालू असताना कोहलीनं एका खासगी विद्यापीठाचं कौतुक केलं. परिषदेनं विचारलं, तशी पोस्टला ‘पेड पार्टनरशिप’ची पट्टी लागली. आणि उलटंही होतं बरं. पॅरिसला मनू भाकरनं दोन पदकं जिंकली, तर जिच्याशी कधी संबंध नाही अशा कंपन्यांनी तिचा फोटो लावून ‘अभिनंदन’ केलं, खाली आपला लोगो. आपल्या चौकातल्या फ्लेक्ससारखं, वाढदिवस एकाचा, मिरवून घेणार शुभेच्छुक. तिच्या माणसांनी नोटिसाच धाडल्या.”

“बरं केलं. पण मग खरं त्यांचं स्वतःचं असं काहीच नसतं?”

“असतं की. धोनीचं बघ. एरवी महिनोन्महिने हा माणूस काही टाकत नाही. 2020 च्या पंधरा ऑगस्टला संध्याकाळी एक व्हिडिओ टाकला, जुने फोटो, मागं गाणं, आणि खाली दोन ओळी, 19:29 पासून मला निवृत्त समजा. ना पत्रकार परिषद, ना हारतुरे. त्याच संध्याकाळी रैनाही त्याच्या मागोमाग. 2025 च्या मे महिन्यात कसोटीपुरतं रोहितनं तसंच केलं, आणि पाच दिवसांनी कोहलीनं. पेपरवाल्यांना आणि मला एकाच वेळी कळलं. आमचे हे अजून पेपरात छापून येईपर्यंत मानायला तयार नव्हते!”

“आणि नीरज चोप्राचं लग्न? फोटो आले तेव्हा अक्षता पडूनही गेल्या होत्या.”

“शहाणा मुलगा! आणि स्वतःचं म्हणशील तर वसीम जाफरचं ठाऊक आहे का? मुंबईचा ओपनर. खेळायचा तेव्हा तोंडातून अक्षर नाही, आणि आता मीम टाकून त्या मायकेल वॉनला सळो की पळो करून सोडतो. 2020 मध्ये आपण अ‍ॅडलेडला छत्तिसात गारद झालो ना, तेव्हा यानं रहाणेला उद्देशून एक इंग्रजी वाक्य टाकलं. वाचलं तर साधा उपदेश. प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर उचललं की निघायचं, ‘पिक गिल अँड राहुल’. माझ्या नातवानं फोडून दाखवलं, मी चहा ओतायचा विसरले.”

“घेतलं का मग?”

“गिलला घेतलं, राहुल बसला बाहेर. रहाणेनं मेलबर्नला शतक ठोकलं आणि मॅच काढली. असलं काही कंपनीच्या पोराला सुचणार आहे का?”

“आणि काकू, कोहलीचं ते लाइक?”

“हां, ते! एका नटीच्या फोटोला लाइक पडलं, आणि मग खुलासा, फीड साफ करताना अल्गोरिदमनं चुकून नोंदवलं असावं म्हणून. पूर्वीचे नवरे ‘नजर गेली सहज’ म्हणायचे. आता दोष द्यायला हा एक अल्गोरिदम आलाय, बिचाऱ्याला उलट बोलता येत नाही.”

“तुम्ही पण ना!”

“हसू नको. हसण्यासारखं नाही असंही आहे. मॅच चालू असताना यांचे फोन जमा असतात, माहीत आहे? भ्रष्टाचार नको म्हणून. ड्रेसिंग रूममध्ये फोन वापरायला बंदी. म्हणजे बाहेर काय चाललंय ते कळत नाही. मग मॅच संपते, फोन हातात येतो आणि एकदम सगळं अंगावर. 2021 ला दुबईत पाकिस्ताननं दहा विकेटनी हरवलं. अकराच्या अकरा हरले होते ना? पण लोक पोचले एकट्या शमीच्या अकाउंटवर. धर्म काढला, गद्दार म्हटलं. जुने घरचे फोटो असतील, त्यांच्याखाली जाऊन लिहिलं. कोहली त्याच्या बाजूनं उभा राहिला, असलं लिहिणाऱ्यांना कणा नाही म्हणाला, तर त्याच्या वर्षाचीही न झालेल्या लेकीला धमकी. पुढच्या वर्षी एक कॅच सुटला, तर अर्शदीपला खलिस्तानी करून टाकलं.”

“मग बंद का नाही करत हो अकाउंट?”

“करार गं! किती लोक बघतात त्यावर कंपन्या भाव ठरवतात. क्रिकेटवाल्यांचं एक चालून जाईल, कुस्तीगीर, नेमबाज यांना कोण विचारतं? चार वर्षांनी एकदा टीव्हीवर दिसणार. मधल्या काळात लोकांनी विसरू नये म्हणून टाकत राहायचं. आणि खालच्या कॉमेंट भाचा म्हणतो मॅनेजरनं वाचायच्या, खेळाडूनं नाही. पण रात्री दोनला, हरून आल्यावर, हॉटेलात एकटं असताना माणूस वाचल्याशिवाय राहतोय का?”

“काकू... एक सांगायचं होतं. आमच्या ईशाचं पण काढलंय अकाउंट. ह्यांनी.”

“ईशाचं? अगं, परवा परवा तर बॅट धरायला लागली ती!”

“अकादमीतल्या सगळ्याच मुलींचं आहे म्हणे. ‘ईशा ऑफिशियल’ नाव ठेवलंय. हेच नेटचे व्हिडिओ टाकतात, खाली इंग्रजीत काहीतरी लिहितात. काल कुणीतरी लिहिलं, कोपर पडतंय. हे रात्रभर त्याला उत्तर लिहीत बसले.”

“आणि ईशा?”

“ती झोपली होती.”

“कोपर पडतंय का पण?”

“पडतंय हो थोडं.”

“मग बाबाचा फोन काढून घे आणि त्याला बॉल टाकायला लाव. आण इकडं, फॉलो करते मी. पण कॉमेंट-बिमेंट मला जमणार नाही. काही बोलायचं असेल तर मी इथंच आहे, भिंतीशी.”